वाशाला गोल भोक पाडणारी मोठी काळी गांधीलमाशी कोणती?

कोल्हापुरातल्या पडवीच्या वाशाला ड्रिलने पाडावं तसं गोल भोक नि खाली ताजा भुसा दिसतोय, तर ती गांधीलमाशी नव्हे, सुतारभुंगा. गांधीलमाशीची कंबर बारीक. हा जाडजूड, २ ते २.५ सेंटिमीटर, काळाभोर, उन्हात पंख निळे-जांभळे चमकतात. मादी लाकूड खात नाही. आत कोरून परागाच्या गोळ्यांवर अंडी घालते. नांगी तिलाच असते, पण चिमटीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही. भोक लगेच बुजवलंत तर ती शेजारीच दुसरं कोरेल. ये-जा थांबल्यावर भोकात लांबी (पुट्टी) भरा, ऑइलपेंटचे दोन हात द्या. उघडं, कोरडं लाकूडच तिला आवडतं. मारू मात्र नका, शेवग्याचं परागीभवन मुख्यतः हे भुंगे करतात.