बुसाचं इंजिन, चार चाकं अन् रिव्हर्सचा पत्ता नाही

प्रश्न : नमस्कार दादा, मी नागपूरचा, मानेवाड्यात राहतो. मेव्हणा इंग्लंडात असतो, त्याच्या शेजाऱ्याकडं वेस्टफील्ड मेगाबुसा आहे, म्हणजे सुझुकीच्या हायाबुसा बाईकचं इंजिन टाकलेली उघडी टू-सीटर किट कार, सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी. त्यानं व्हिडिओ पाठवला तेव्हापासून ती डोक्यातून जाऊनच नाही राह्यली. हिंगणा एमआयडीसीत मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पाइपचं चेसिस बनवून देतो म्हणते. ॲक्सिडेंटच्या एका गाडीचं बुसाचं इंजिन मिळून राह्यलं. ते घेऊ का स्विफ्टचं टाकू? रोज ऑफिसला नाही न्यायची, रविवारी रामटेकपर्यंत चक्कर मारायची आहे फक्त.

उत्तर : भाऊ, इसार दिला नसेल तर आधी थांबा. इंग्लंडात घरी बनवलेली एकुलती एक गाडीसुद्धा आयव्हीए नावाच्या तपासणीला नेता येते, पास झाली की नंबर मिळतो, म्हणून तिकडं हा धंदा टिकून आहे, कॅटरहॅम नावाच्या तिकडच्या कंपनीनं तर १९७३ मध्ये लोटस सेव्हन या हलक्या उघड्या टू-सीटरचे हक्क घेतले अन् १९५७ चं ते डिझाइन अजून विकतायत. आपल्याकडचे नियम कंपनीच्या हिशोबानं लिहिलेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा, मग आरटीओत फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) अन् २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला) लावायचे, अन् ते देणार कोण, तुमचा वेल्डिंगवाला मित्र? जुन्या स्विफ्टच्या आरसीवर चालवून घेऊ असं कोणी सुचवलं तर तेही सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसी वेगळी होईल असा बदल चालत नाही, अन् शिक्षा एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेव्हा रामटेक राहू द्या, खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची तयारी असेल तरच पुढचं वाचा.

पहिल्या पिढीच्या बुसाचं इंजिन १२९९ सीसीचं, पावणेदोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर अन् गाडी साडेचारशे-पाचशे किलोची, आकडे ऐकून कोणाचंही डोकं फिरते. पण गाडी जागची हलते ती खालच्या टॉर्कवर, म्हणजे कमी आरपीएमला इंजिन फिरवायचा जो जोर देते त्यावर. बुसाचा टॉर्क १३८ न्यूटन मीटरच्या आसपास आहे खरा, पण तो येतो सात हजार आरपीएमला. स्विफ्टच्या बाराशे सीसीवाल्याचा ११३ च, पण चार हजाराच्या आसपास हजर. अन् बाईक स्वारासकट तीनशे किलोची, तुमची गाडी दोघं बसल्यावर साडेसहाशेची, म्हणजे दर वेळी निघताना रेस देऊन क्लच घासत निघायचं.

भाच्याच्या कॉलेजच्या पोरांनी फॉर्म्युला स्टुडंटवाल्या (कॉलेजच्या पोरांनी रेसची छोटी गाडी बनवायच्या) स्पर्धेसाठी बाईकचं इंजिन टाकून गाडी बनवली होती, टेस्टिंगला मीही गेलो होतो. दहाबारा वेळा थांबवून परत काढली अन् जळक्या क्लच प्लेटचा तो खवट वास सगळ्या पार्किंगभर. बरं, भिंतीजवळ जाऊन थांबली की चार पोरं येऊन मागं ढकलणार, कारण बाईकच्या गिअरबॉक्सला रिव्हर्सच नसतो! रिव्हर्स पाहिजे तर वेगळा बॉक्स नाहीतर छोटी इलेक्ट्रिक मोटर लावा, खर्चही वाढला अन् वजनही.

तेलाचं तर त्याहून अवघड. बाईक वळणावर झुकते म्हणून सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं) तेल तळाशीच राहते, कार झुकत नाही, लांब वळणावर तेल एका बाजूला चढते अन् पंप हवा ओढते. पोरांच्या गाडीत लांब डाव्या वळणावर तेलाचा लाल दिवा नुसता लुकलुकला, कोणी मनावर घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी बेअरिंग खडखडायला लागलं. सम्पमध्ये आडव्या पट्ट्या बसवा नाहीतर सरळ ड्राय सम्प करा (तेल बाहेरच्या वेगळ्या टाकीत ठेवायचं), यात पैसे वाचवायचे नाहीत. रेडिएटरही बाईकचा चालत नाही, मोठा लावा, फॅनसकट, आपला मे महिना म्हणजे ४५ डिग्री काही नवल नाही.

मग बाईकचं इंजिन घेतात कशाला? हलकं असते, गिअरबॉक्स त्यातच येते, तोही सिक्वेन्शियल (एकामागं एक गिअर पडणारा), अन् दहा हजार आरपीएमला जो आवाज निघते तो स्विफ्ट सात जन्मात नाही काढणार. निव्वळ ट्रॅकसाठी असेल तर बुसाच घ्या, पण इंजिन सुरू करून, तेलाचं प्रेशर मोजून. दोघांनी बसून आरामात फिरवायची तर स्विफ्टचं, मला विचाराल तर मी तेच टाकीन, पार्टही गल्लीत मिळतात.

अन् मेव्हण्याकडं जाणं झालं तर त्या शेजाऱ्याला वेगाचं नका विचारू, गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास बसवून फिरव म्हणा, अन् घरासमोर लावताना गाडी मागं कशी घेतो ते नीट बघून घ्या.