रस्त्याकडेच्या घराला शांत बाग कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर रस्त्याला लागून, पुढं पंधरा फुटांचं अंगण, कुंपणाला दाट बांबू लावला तर गाड्यांचा आवाज थांबेल का?

नाही थांबणार. नर्सरीवाला काहीही सांगू दे. पानांच्या फटींतून आवाज सरळ आत येतो. कानाला निम्मा वाटेल इतका, म्हणजे १० डेसिबल, उतरवायचा तर साधारण ६० मीटर रुंदीची दाट झाडी लागते. तेवढी जागा कोल्हापुरात राजारामपुरीत सोडाच, आमच्या फुलेवाडीतही कुणाकडं नाही.

आवाज अडवतं ते वजन. भिंत भरीव आणि बिनफटीची हवी, मग ती विटेची असो, ब्लॉकची असो की जांभ्याच्या चिऱ्याची. बसल्या जागेवरून गाडीची चाकं आणि इंजिन दिसेनासं झालं, की साधारण ५ डेसिबल तिथंच कमी होतात. रस्त्याकडच्या भिंतीच्या उंचीला मर्यादा असते, ती महापालिकेत आधी विचारा. भिंत उंच करता येत नसेल तर आपण खाली बसायचं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतो; फूटभर उंचीचा कट्टा केला तर तो आणखी खाली येतो. आमचा कट्टा रस्त्याकडच्या भिंतीलाच खेटून आहे. पाहुण्यांना हे उलटं वाटतं, पण भिंतीची आवाजाची सावली तिच्या पायथ्याशी सगळ्यात दाट असते. घराच्या पायरीवर बसलं की तोच रस्ता जास्त ऐकू येतो. गेट जाळीचं असेल तर कट्टा त्याच्यापासून लांबच्या कोपऱ्यात घ्या.

मग घरातले आवाज बघा. बोअरची मोटर थेट फरशीवर बसवलेली असेल तर खाली जाड रबर घाला आणि पाइप भिंतीला कडक क्लॅम्पनं आवळू नका. बसायच्या जागेवर पत्रा तर अजिबात नको. आपल्याकडचा जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं घाला.

उरलेला आवाज पाण्यानं झाकता येतो. छोटा पंप लावून पाणी वीतभर उंचीवरून गोट्यांवर पडू द्या, कट्ट्यापासून हाताच्या अंतरावर. कुंडातल्या खोल पाण्यात धार पडली तर नळ उघडा राहिल्यासारखी वाजते आणि घरातलं कुणीतरी उठून बघायला जातं. डासांचा प्रश्न खरा आहे: गप्पी मासे सोडा, नाहीतर आठवड्याला कुंड कोरडं करून घासा.

एवढं झाल्यावर झाडं हवीतच. रस्ता डोळ्याआड गेला की कानालाही कमी खुपतो, हा माझा अनुभव. भिंतीलगत कामिनी आणि अडुळसा लावा, कट्ट्याजवळ पारिजातक किंवा सोनचाफा. बांबू वाऱ्याला सळसळतो, त्यासाठी जरूर लावा, पण बांधीव हौदात, नाहीतर मुळं शेजाऱ्याच्या अंगणात निघतील. हिरवळीच्या फंदात पडू नका. ती कापायच्या मशीनचा आवाज तुमच्याच डोक्यावर बसेल.

काही आवाज मात्र कशालाच जुमानत नाहीत. कारखान्यांची धुराडी पेटली की उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून जातात, आणि त्यातला बास भिंतीवरून वळून आत येतो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. एकाच जागी कुणी डॉल्बी लावून बसला असेल तर ११२ ला फोन करा. अनंत चतुर्दशीच्या रात्री मात्र बागेत बसायचा नाद सोडा आणि सरळ मिरवणुकीला जा.