कोळी चावला म्हणून सोडून देऊ नका

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर ब्रूनो चार वर्षांचा आहे. गेल्या रविवारी सकाळी अंगणातून आत आला तो डावीकडून तोंड सुजवूनच. डोळाही अर्धा मिटला होता. संध्याकाळपर्यंत सूज आपोआप उतरली. त्याच दिवशी बाथरूमच्या दारामागे तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसला. मोबाइलवर शोधलं तर तपकिरी कोळी चावला की मांस सडतं असं वाचलं आणि आमचं धाबं दणाणलं. कोळ्याच्या चाव्याने कुत्रा दगावतो का? पेस्ट कंट्रोल करून घ्यावं का? – एक वाचक, बावधन

उत्तर : तुम्ही वाचलंत तो ब्राउन रेक्लूज. तो अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला. दारामागे दिसला तो, तुमच्या वर्णनावरून, आपल्याकडे घरोघरी असतो तो शिकारी कोळी. जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळं धरतो. दिसायला भयंकर, पण कुत्र्याच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही.

विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, पण ते किड्यांसाठी. बहुतेकांचे दात इतके बारीक की कुत्र्याच्या केसांतून आणि जाड कातडीतून आत जातच नाहीत. चावलाच तर नाक, ओठ, पोट अशा उघड्या जागी. मग थोडी सूज, थोडी खाज, दोन दिवसांत साफ. ब्लॅक विडोच्या कुळातल्या कोळ्यांचं विष खरोखर जहाल असतं, पण त्याचा त्रास कुत्र्यांपेक्षा मांजरांना जास्त होतो.

एका बाबतीत मात्र मी सावध राहते. केसाळ, दणकट टॅरँटुला. ऑस्ट्रेलियातल्या अशा कोळ्यांच्या चाव्यांच्या नोंदी २००३ साली प्रसिद्ध झाल्या. चावलेली माणसं बरी झाली, कुत्री मात्र सात होती आणि सातही गेली. ते कोळी तिथले, आपले नव्हेत. पण त्याच कुळातले कोळी सह्याद्रीत बिळांत आणि झाडांच्या ढोलीत राहतात. म्हणून मुळशीकडे किंवा भीमाशंकरला कुत्रा नेलात तर त्याला बिळात नाक खुपसू देऊ नका. त्या बिळात साप असण्याची शक्यता तर त्याहून जास्त.

मला खरी काळजी वाटते ती याची. कोथरूडला मी १९ वर्षं कुत्री-मांजरं तपासतेय. ‘कोळी चावला’ म्हणून आलेल्या कुत्र्यांत खरंच कोळी चावलेला मी नक्की सांगू शकेन असं एकही नाही. निघतं भलतंच. तोंड एकदम सुजलं तर बहुधा मधमाशी किंवा गांधीलमाशी, कारण कुत्री ती हवेतच तोंडात पकडायला जातात. ब्रूनोचंही तेच झालं असावं. सकाळी अंगणात गेला आणि सूज संध्याकाळी उतरली, हे चित्र माशीचंच. पावसाळ्यात ओल्या केसांखाली लाल, चिघळलेला चट्टा उठतो, तो कातडीचा जंतुसंसर्ग. माणसांच्या अंगावर पुळ्या उठल्या की आपण ‘कोळी मुतला’ म्हणून मोकळे होतो, तीच सवय कुत्र्यांच्या बाबतीतही.

काही वर्षांपूर्वी एका फार्महाउसवरची गावठी कुत्री सकाळी नऊला आणली होती. मालकांनी बरणीत कोळीसुद्धा आणला होता, तुमच्या दारामागे होता तसलाच. रात्री दहाला तोंड सुजलं, अंथरुणाजवळ हा सापडला, म्हणून हळद लावून ते सकाळपर्यंत थांबले. मी जबड्याखालचे केस मशिनने काढले. तिथे साधारण एक सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके, आणि त्यांतून पातळ रक्त झिरपतंय, थांबतच नाही. दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, २० मिनिटं न हलवता उभं ठेवलं, मग नळी तिरकी केली. रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. असं घोणशीच्या विषाने होतं. म्हणजे तिला घोणस चावली होती. प्रतिविष दिलं, सलाइन लावलं, संध्याकाळी रक्त गोठायला लागलं. पण तोवर मूत्रपिंडं गेली होती. चौथ्या दिवशी ती गेली. ते ११ तास हाती असते तर तिला वाचवायची चांगली संधी होती, ही चुटपुट मला अजून आहे.

म्हणून कोळी दिसला तर त्याचा फोटो जरूर काढा, पण त्याच्यावर विसंबू नका. सूज वाढत असेल, जखमेतून किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, लघवी काळपट-लाल होत असेल, मागचे पाय लटपटत असतील, पापण्या जड होत असतील, श्वास लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सापाचं प्रतिविष आहे का, एवढं विचारा. वरून आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. नुसती सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरा. क्रोसिन, ब्रुफेन मात्र चुकूनही देऊ नका. या गोळ्यांनी आजारी पडलेली कुत्री मला कोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त भेटली आहेत.

कोळ्यासाठी पेस्ट कंट्रोल नको. झुरळांसाठी करणारच असाल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत ब्रूनोला बाहेर ठेवा आणि उंदराच्या औषधाच्या वड्या घरात कुठेही ठेवू देऊ नका. त्या कोळ्याला झाडूवर घेऊन बागेत सोडा.

आणि आज एक करा. ब्रूनोचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडलेली जागा दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मग कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. पुण्यात कुत्र्यांना आडवं पाडणारा आठ पायांचा प्राणी तो आहे. एखादी जरी सापडली आणि त्याची भूक मंदावली असेल किंवा अंग तापलं असेल, तर रक्ततपासणीला घेऊन या.