टीव्हीचा ब्राइटनेस १०० वर ठेवूनही काळा रंग राखाडी का दिसतो? बॅकलाईट जोरदार असली की कॉन्ट्रास्ट वाढतो का?

नाही वाढत. उलट तुम्ही १०० वर ठेवलाय म्हणूनच तो राखाडीपणा जास्त डोळ्यात खुपतो.

तुम्ही लिहिलंय की नवीन ४३ इंची टीव्ही घेतला, रात्री लाईट बंद करून सिनेमा लावला की काळं राखाडी दिसतं, आणि दुकानदार म्हणतो ब्राइटनेस वाढवा. मी दारव्हा तालुक्यात टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. दुकानदाराचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

साध्या एलईडी टीव्हीत पडदा स्वतः उजेड देत नाही. मागची बॅकलाईट सतत जळत असते, पुढचा पॅनल फक्त तो उजेड अडवतो, आणि पूर्ण कधीच अडवत नाही. टिनाला बारीक भोकं असली की बाहेरचं ऊन जितकं कडक, तितका खाली जमिनीवरचा कवडसा ठळक, तसंच हे. पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या किती पट, तो कॉन्ट्रास्ट. पॅनलच्या दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. साध्या आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास असतो. म्हणजे पांढरं ३०० निट (उजेड मोजायचं माप) असेल तर काळ्यातून ०.३ निट गळणारच. बॅकलाईट दुप्पट केली तर पांढरं ६०० आणि काळं ०.६. गुणोत्तर जिथल्या तिथं. व्हीए पॅनल जास्त अडवतो, ३००० ते ५००० पर्यंत जातो. फरक पॅनलचा आहे, बॅकलाईटच्या जोराचा नाही.

हेच मी माझ्या साळ्याला सांगत होतो. १९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्डकपची फायनल. दिवाळी होऊन आठवडा झालेला, सोयाबीन विकून लोकांच्या हाती थोडे पैसे आलेले. सासुरवाडीच्या पोरांनी वर्गणी केली, मारुतीच्या सभामंडपात मोठा टीव्ही लावायचा म्हणून. मला विचारलं. मी म्हटलं जाड टीव्ही घ्या, पाठीमागे एलईडीच्या पूर्ण पट्ट्या असलेला, पॅनल व्हीए बघा. साळा पोरांना घेऊन जिल्ह्याच्या शोरूमला गेला आणि बोटाएवढा पातळ ५५ इंची उचलून आणला. खोक्यावर छापलेलं, कॉन्ट्रास्ट दहा लाखाला एक.

"भाऊजी, तुमचं सारं ग्यान जुन्या डब्ब्याच्या टीव्हीचं हाय," चारचौघांत म्हणाला. "आता सारं बॅकलाईटवर असते. दहा लाख म्हंजे दहा लाख!"

मॅच दुपारी दोनची. सभामंडप तीन बाजूंनी उघडा. पडद्यावर रोहितपेक्षा समोरचा पिंपळच जास्त दिसत होता. साळ्यानं रिमोट घेतला, बॅकलाईट १०० वर नेली. पिंपळ तसाच. शेवटी कोणीतरी सोयाबीन झाकायची ताडपत्री आणून उन्हाच्या बाजूला बांधली, तेव्हा कुठं बॉल दिसायला लागला. टीव्ही तोच, बॅकलाईट तीच. बाहेरचा उजेड काचेवर पडून काळ्याला धुऊन काढत होता, तो थांबला इतकंच. साळ्याला वाटलं त्याच्या १०० मुळे झालं.

अंधार पडल्यावर खरी गंमत. भारताच्या २४० झालेल्या, तिकडे ऑस्ट्रेलियाचा हेड सुटलेला. मध्येच काळ्या पार्श्वभूमीची जाहिरात आली की पडदा धुरकट राखाडी, आणि खालच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर पांढुरके डाग. पातळ टीव्हीत एलईडीची पट्टी फक्त कडेला असते, तिचा उजेड ऍक्रिलिकच्या जाड पाटीतून पूर्ण पडद्यावर पसरवतात. पट्टी जिथं आहे तिथं उजेड जास्त येणारच. मी साळ्याला म्हटलं, बॅकलाईट चाळीसवर आण, बघ. नाही आणली. हेडच्या १३७ झाल्या, आपण हरलो, आणि घरी जाताना लोक मलाच म्हणत होते की तुमचं तोंड पाहून टीव्ही लावला म्हणून असं झालं.

त्या दहा लाखाचं गणित एकदा ऐकून घ्या. पूर्ण पांढरा पडदा बॅकलाईट पूर्ण लावून मोजतात, पूर्ण काळा पडदा बॅकलाईट जवळपास बंद करून मोजतात, आणि एकाला दुसऱ्यानं भागतात. एकाच चित्रात चंद्रही आहे आणि काळं आभाळही आहे, तिथं हे दोन्ही एका वेळी कसं होणार? बॅकलाईट कमी केली तर चंद्रही विझतो. बॅकलाईटनं खरंच कॉन्ट्रास्ट वाढवायचा असेल तर ती तुकड्या-तुकड्यानं कमी-जास्त झाली पाहिजे. मागे पूर्ण पट्ट्या आणि प्रत्येक भागाला वेगळा ताबा, यालाच लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडीत हे तुकडे जास्त आणि बारीक. तरीही काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती थोडी धूसर प्रभा दिसतेच. ओएलईडीत बॅकलाईटच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः जळतो आणि स्वतः विझतो, म्हणून तिथं काळं म्हणजे काळं. पैसे असतील तर तोच घ्या.

आणखी एक. बऱ्याच टीव्हीत 'ब्राइटनेस' आणि 'बॅकलाईट' असे दोन वेगळे स्लायडर असतात. तिथला ब्राइटनेस मागच्या उजेडाला हातच लावत नाही, तो काळ्याची पातळी वर-खाली करतो. तो १०० वर नेला म्हणजे काळं तुम्ही स्वतःच्या हातानं राखाडी केलं. तो कंपनीनं दिला होता तिथं परत आणा, 'व्हिविड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' लावा, आणि रात्री बॅकलाईट चाळीस-पन्नासवर ठेवा. गुणोत्तर तेच राहील, पण गळणारा उजेड अंधारात डोळ्याला टोचणार नाही.

तो सभामंडपातला टीव्ही पुढच्या मे महिन्यात माझ्याकडे आला. आवाज येते, चित्र नाही. मोबाईलचा टॉर्च पडद्याला चिकटवून पाहिलं, आत अंधुक चित्र चालू होतं. म्हणजे पॅनल ठीक, बॅकलाईट गेलेली. गादीवर पालथा घालून उघडला. पट्टीवरच्या एका एलईडीच्या पिवळ्या टिकलीत मधोमध काळा ठिपका. एक जळला की सिरीजमधले सगळे विझतात. साळा म्हणाला व्होल्टेजनं गेला, मोटरपंप चालू झाले की इकडे व्होल्टेज पडते. अरे बापा, आतला सप्लाय कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेतो, आणि एलईडीला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, मोजून करंट देतो. मारलं ते तापानं. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, वर टिन, आणि बॅकलाईट त्या दिवसापासून १०० वरच. मी नवीन पट्टी टाकली आणि ड्रायव्हरच्या समांतर जोडलेल्या रजिस्टन्सपैकी एक काढून करंटही थोडा उतरवून दिला. साळा आजही सांगत फिरतो की नवीन पट्टीनं चित्र पहिल्यापेक्षा भारी दिसते. बॅकलाईट मीच मंद केली हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. इथं वाचलं तर वाचू दे.

आता दोन गोष्टी राहिल्या. दार उघडं ठेवून दिवसाच टीव्ही पाहत असाल तर उजेड लागतोच, तिथं बॅकलाईट वाढवा, पण आधी टीव्ही दारासमोरून हलवा. आणि पॅनल व्हीए आहे की आयपीएस हे पाहायचं तर बाजूला जाऊन तिरपं बघा. रंग फिके पडले तर बहुतेक व्हीए, म्हणजे समोरून काळं चांगलं. घरात माणसं खोलीभर पसरून बसत असतील तर त्यांना आयपीएसच बरा वाटेल, तेही चुकीचं नाही.

एखाद्या कोपऱ्यातच पांढरा ठिपका दिसत असेल तर तो सेटिंगचा प्रश्न नाही, पाठीमागे पट्ट्या असलेल्या टीव्हीत बऱ्याचदा एलईडीवरची लेन्स निसटलेली असते. तसं असेल तर टीव्ही नवीन आहे, हमीत आहे. उघडू नका, माझ्यासारख्याकडेही नेऊ नका. कंपनीचा माणूस बोलवा आणि बिल शोधून ठेवा.