ख्रिस्ती पाळकांनी राजकारणात भाग घ्यावा का?

तुमचे पाळक एका उमेदवाराच्या मंचावर हार घालून बसलेले दिसले, त्यावरून मंडळीत दोन तट पडले, म्हणून तुम्ही हे विचारताय. मी मिरजेचा. नऊ वर्षं आमच्या मंडळीत पंच, म्हणजे कारभारी समितीचा सभासद होतो, त्यातली चार खजिनदार. त्यामुळे हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

2018 ची महापालिका निवडणूक. जुलैतला रविवार, बाहेर पावसाची झड. पहिलं गीत संपलं आणि एक उमेदवार पाच-सहा जणांना घेऊन आत आले. पाळकसाहेबांनी त्यांना पुढं बोलावलं, शाल-नारळ दिला, आणि दफनभूमीच्या वाटेवर हे साहेब पेव्हर ब्लॉक टाकून देणार आहेत असं वेदीसमोरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. आमची काळी माती. पावसाळ्यात शवपेटी नेताना खांदेकऱ्यांच्या चपला चिखलात रुतून बसतात आणि माणसं अनवाणीच पुढं जातात. पुढच्या रविवारी समोरच्या पॅनेलची माणसं आली. त्यांना शाल मिळाली नाही. शाल एकच आणली होती, हे खजिनदार म्हणून मला ठाऊक. पण ते त्या पॅनेलच्या घरांना कोण सांगणार?

पहिले साहेब पडले. पेव्हर ब्लॉक आले नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी त्या दुसऱ्या बाजूच्या एका घरात म्हातारी वारली. तिच्या आजारपणात आमचे पाळक दर गुरुवारी घरी जाऊन प्रार्थना करायचे, प्रभुभोजन द्यायचे. पण थोरल्या मुलानं दफनविधीला सांगलीहून दुसरे पास्टर आणले. आमचे पाळक आले, पण गेटपाशीच छत्रीखाली उभे राहिले. विधीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बगलेत धरलेलं. ते उघडायची वेळच आली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पाळकानं पक्षाचं काम करू नये. पाळक म्हणजे मेंढपाळ, आणि कळपातल्या निम्म्या घरांना त्याला हाक मारायला संकोच वाटू लागला तर त्याच्याकडं दुसरं काय उरतं? कुणाला निवडणूक लढवायचीच असेल तर आधी मंडळीचा राजीनामा द्यावा, मग खुशाल अर्ज भरावा. नागरिक म्हणून तो हक्क त्यांना आहेच. कॅथलिक फादरांसाठी हा प्रश्न बराचसा मिटलेला आहे. 1983 च्या त्यांच्या धर्मसंहितेत सत्तेचं पद घ्यायला मनाई आहे, आणि पक्षात पुढारपण करायलाही एरवी मनाईच. आम्हा प्रोटेस्टंटांत असा सरसकट नियम नाही, म्हणून ही भांडणं आमच्या वाट्याला जास्त.

कायद्याचंही बघा. 1988 च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्यानुसार प्रार्थनास्थळाची जागा राजकीय प्रचाराला देता येत नाही. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धर्माच्या नावानं मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. ‘अमक्याला मत दिलं नाही तर देव कोपेल’ असं म्हणणंही त्याच कलमात बसतं. आमची ती शाल या सगळ्यात कुठं बसत होती, हे त्या रविवारी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण म्हणून पाळकानं गप्प बसावं का? हे मात्र मला पटत नाही. बायबलमधला नाथान संदेष्टा दुसऱ्याची बायको बळकावणाऱ्या दावीद राजासमोर उभा राहिला, श्रीमंतानं हिरावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. नाथाननं राजाकडं तिकीट मागितलं नव्हतं, म्हणून तर त्याला बोलता आलं. आपल्या घटना समितीतही धर्मसेवक होते. फादर जेरोम डिसोझा होते, आणि आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांतले रेव्हरंड निकोल्स रॉय होते. डोंगराळ भागाला स्वायत्त जिल्हा परिषदा देणारी सहावी अनुसूची घडवण्यात निकोल्स रॉय यांचा मोठा वाटा. त्यांना कुणी घरी बसा म्हणालं असतं तर?

आणि आमच्या मिरजेची गंमत ऐका. गंमत कसली, दुखणंच. मिरज विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची अनुसूचित जात कागदावरून जाते. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. सर्वोच्च न्यायालयात याचिका 2004 पासून आहे. म्हणजे आमच्या मंडळीत कागदावर ख्रिस्ती असलेलं कुणीच स्वतःच्या गावातून आमदारकीला उभं राहू शकत नाही. दर 10 ऑगस्टला काळी फीत लावून पाळक कलेक्टर कचेरीसमोर उभे राहतात, त्याला मी राजकारणच म्हणतो, आणि त्यांनी तिथं उभं राहायलाच हवं. तिथं त्यांच्यामागं दोन्ही पॅनेलची घरं असतात.

खरं सांगू का, 2018 मध्ये चूक एकट्या पाळकांची नव्हती. वॉर्ड ऑफिसात जायचं कुणी? पाळकांनी. नगरसेवकाला फोन करायचा कुणी? पाळकांनी. दाखला अडला, नळ आटला, पाळकसाहेब, जरा एक शब्द टाका. आम्ही पंचांनीच त्यांना आमचा दलाल करून ठेवलं होतं, आणि दलालाला कुणाला तरी शाल द्यावीच लागते.

मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकारानं 2006 पासून मिझोराम पीपल्स फोरम चालतो. तो सगळ्या उमेदवारांना एकाच मंचावर आणतो, पैसे वाटण्यावर लक्ष ठेवतो आणि कुणाचाच प्रचार करत नाही. हे वाचून आम्हीही एकदा तसं करून बघितलं. चर्चमध्ये नाही, मंडळीतल्या एका रिटायर्ड नर्सबाईंच्या गच्चीवर, भाड्याच्या चाळीस खुर्च्या टाकून. पाच उमेदवारांना निरोप दिला, दोघेच आले. बाईंनी थेट दफनभूमीच्या वाटेचा प्रश्न विचारला. एकानं हो म्हणून टाकलं. दुसऱ्यानं आधी सात-बारा कुणाच्या नावावर आहे ते विचारलं, आणि आम्ही पंच एकमेकांकडं बघत बसलो. इतकी वर्षं पेव्हर ब्लॉक मागतोय आणि जागा नेमकी कुणाची, हे आमच्यातल्या एकालाही सांगता येईना.

पाळकसाहेब शेवटच्या ओळीत, पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. सवयीनं कुणीतरी माईक त्यांच्याकडं नेला. त्यांनी तो तसाच बाईंच्या मुलाकडं सरकवला आणि म्हणाले, तलाठ्याकडं उद्या तू जा, मला दोन घरभेटी आहेत.