आवाजाने फोन चालवताना आधी नंबर शिका

सुरुवातीला सगळ्याच कमांड पाठ करायला जाऊ नका, मीही तेच केलं आणि दोन दिवसांत कंटाळलो. आयफोन किंवा आयपॅड असेल तर सेटिंग्जमधे अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन व्हॉइस कंट्रोल चालू करा (२०१९ च्या आयओएस १३ पासून आहे), अँड्रॉइडवर व्हॉइस अ‍ॅक्सेस नावाचं अ‍ॅप आहे. सिरी किंवा गुगल असिस्टंट वेगळे, त्यांना काम सांगायचं असतं, इथे मात्र तुम्ही बोटाऐवजी आवाजाने स्क्रीनवरचं बटणच दाबता.

पहिली कमांड 'शो नंबर्स'. बोललात की प्रत्येक बटणावर छोटा आकडा येतो, मग बटणाचं नाव माहीत नसलं तरी नुसतं 'टॅप सेव्हन' म्हणायचं की झालं काम. नकाशासारख्या ठिकाणी बटणंच नसतात, तिथे 'शो ग्रिड' म्हणा, स्क्रीनचे चौकोन पडतात.

फोनने ऐकलं नाही की आपण ओरडतो नाहीतर एकेक अक्षर तोडून बोलतो, त्याने उलट जास्त चुकतं हो, नेहमीसारखंच बोला, फक्त कमांडच्या आधी क्षणभर थांबा. आणि घरात कोणाशी गप्पा मारायच्या असतील तर आयफोनवर आधी 'गो टू स्लीप' म्हणा, नाहीतर गप्पांतलेच शब्द कमांड समजून फोन भलतंच काहीतरी उघडत बसतो. परत सुरू करायला 'वेक अप'.