कोल्हापुरात लामा किंवा अल्पाका पाळून त्यांची पैदास करता येईल का?

करवीर तालुक्यात पावणेदोन एकर आहे, दोन माद्या आणि एक नर आणून सुरुवात करायची, आणि पुढं उंटाशी संकरही होतो म्हणे, असं तुम्ही विचारलंय. लामा-अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतली, उंटाच्या कुळातली लोकरीची जनावरं. सरळ सांगतो: सांभाळणं जमेल, पैदास जमणार नाही.

मी कागलकडचा. घरी म्हशी. मधली दोन वर्षं न्यूझीलंडला एका डेअरीवर कामाला होतो, तिथं मालकिणीचे नऊ अल्पाका होते. सकाळच्या धारा झाल्या की त्यांचं बघायचं काम माझ्याकडं. लामा हा अल्पाकाचा थोरला भाऊ. अल्पाका भरतो 50 ते 80 किलो, लामा 130 ते 200. बाकी वागणं दोघांचं जवळपास सारखंच.

आपल्याला म्हैस माजावर कधी येते यावर डोळा ठेवायची सवय. इथं तो प्रकारच नाही. यांच्या मादीला ठरावीक दिवसांचा माज नसतो, नर लागल्यावरच बीज सुटतं. मादी तयार असली तर गप खाली बसते. मग नर वीस-पंचवीस मिनिटं घशातून गुरगुरत राहतो, चालू न होणाऱ्या जुन्या लुनासारखा आवाज. दोन-तीन आठवड्यांनी नर परत फाटकाशी आणायचा. मादी कान मागं पाडून, मान वर करून थुंकली की बहुतेक गाभण. थुंकी म्हणजे पोटातला हिरवा, आंबूस चारा. मधे मी उभा होतो, त्यामुळं पहिल्यांदा निकाल माझ्याच शर्टावर लागला. पक्की खात्री सोनोग्राफीनंच करायची.

दिवस जातात साडेअकरा महिने आणि पिल्लू एकच, जुळं फार विरळा. व्यायची वेळ मात्र मालकाच्या सोयीची. बहुतेक वेळा सकाळी आठ ते दुपारी दोनच्या आत, म्हशीसारखं रात्रभर कंदील घेऊन बसायला लागत नाही. मादी उभीच असते. पिल्लाचं डोकं आणि पुढचे पाय बाहेर लोंबतायत, नाकातून पाणी गळतंय, आणि बाई मधेच दोन घास गवत खाते.

आणि हे नीट वाचा: ती पिल्लाला चाटत नाही. नाकानं हुंगते, 'हूं हूं' करते, बस्स. ओलं पिल्लू उन्हावाऱ्यावर वाळतं. सुटीला गावी आलो तेव्हा पट्टणकोडोलीच्या एका म्हाताऱ्या मेंढक्याला मोबाईलवर हाच व्हिडिओ दाखवला. लोकर बघून त्याला काहीच वाटलं नाही. म्हणाला, "चाटत न्हाई? मग आषाढात येली तर?"

खरी अडचण तीच. लोक उन्हाचं विचारतात, मी पावसाचं सांगतो. पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब असतो: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक हवेतला दमटपणा. बेरीज 120 च्या खाली तर निवांत, 180 च्या वर गेली तर जिवावर बेततं. आपल्या मे महिन्यात दुपारी 37 अंश म्हणजे साधारण 99, त्यात दमटपणा 30 धरा, झाले 129. सावली, पंखा, पोटाखाली पाणी मारलं की निभावतं. जुलैत पाऊस उघडला, 29 अंश म्हणजे 84, दमटपणा 85, झाले 169. वर अंगावर ओली लोकर, पायाखाली चिखल, गवतावर जंत. हे जनावर अँडीजच्या कोरड्या, थंड पठारावरचं. गगनबावड्याकडून येणारी झड त्याच्या सात पिढ्यांनी बघितलेली नाही.

चाऱ्याचा खर्च त्या मानानं कमी, वजनाच्या दीड-दोन टक्के वाळला चारा पुरतो, पण नुसत्या उसाच्या वाड्यावर काढायचं मनात असेल तर विसरा. म्हशीचं खनिज मिश्रण देऊ नका, त्यातलं तांबं यांना बाधतं. दुधाचाही विचार नको, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं करायचं जनावर नव्हे हे. चार बारीक सडं आणि पिल्लापुरतं दूध. वार्षिक कातरणीला एका अल्पाकाची लोकर दोन-तीन किलो निघते.

आता तुमचा 'दोन माद्या, एक नर'. सगळं सुरळीत झालं तर वर्षाला दोन पिल्लं, त्यात सरासरी एक नर. पहिली लेक दीड वर्षाची झाली की तिला नर कुठला? घरात तिचा बापच. शेजारच्या गावात दुसरा कळप नाही, म्हणजे नवं रक्त परत परदेशातूनच. त्यासाठी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची परवानगी, आरोग्य दाखला, विलगीकरण. 1898 चा जनावर आयातीचा कायदा अजून चालू आहे. शिवाय जास्तीचे नर कुणाला विकणार? एकटा नर बाटलीवर लाडानं वाढवू नका, एवढं तरी ऐका. तो माणसालाच आपल्या जातीचा समजतो आणि मोठा झाल्यावर माणसावरच छाती घालून येतो. आमच्याकडं एक होता, मालकीण त्याच्या कुरणात काठीशिवाय जात नव्हती.

उंटाचा संकर खरा आहे. 1998 ला दुबईत उंट आणि ग्वानाको (लामाचा रानटी पूर्वज) यांचं पिल्लू झालं, त्याला 'कामा' म्हणतात. ते संशोधन केंद्रात कृत्रिम रेतनानं झालं. उंटाच्या वजनाखाली लामा चिरडेल, शेतावर तो नाद नको.

पैदासच करायची हौस असेल तर जतकडं जाऊन माडग्याळ मेंढरं बघून या. पाच माद्या घ्या, नर दुसऱ्या कळपातला घ्या. पावसाळ्यासाठी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच फळ्यांचा गोठा करा आणि आंत्रविषाराची (मेंढरांच्या आतड्याचा जीवघेणा रोग) लस पावसाआधी टोचून घ्या. व्यायची वेळ आली की फोन करा, मी येतो. मेंढी चाटते, त्यामुळं मला फार काही करायला लागणार नाही.